लाभ, दोन, तीन

डॉक्टर तात्यांकडे बघून बोलत होते आणि मी भिंतीवरच्या निवडुंगाच्या चित्राकडे बघत होतो.

"त्यांना सांगा," डॉक्टर म्हणाले. "सगळं सांगा. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पोचलाय. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलेलं नाही. आम्ही नळी बसवली आहे, त्यामुळे कावीळ उतरेल आणि थोडे दिवस त्यांना बरं वाटेल. दोन महिने, फार तर तीन. त्यांना जे काही करायची इच्छा असेल ते याच महिन्यात करून घ्या. पुढे अंगात ताकद राहणार नाही."

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. तात्यांना इंग्रजीतले 'थँक्यू' आणि 'बोट' हे दोनच शब्द येत होते. दवाखान्याकडे मराठी दुभाषा नव्हता. नर्सने दोनदा विचारलं, फोनवर कुणी मिळतंय का बघू? मी म्हणालो, गरज नाही, मी मुलगा आहे त्यांचा.

"काय म्हनत्यात?" तात्यांनी विचारलं.

"कावीळच आहे तात्या. मुरलेली आहे म्हणतात. पथ्य पाळायचं, गोळ्या घ्यायच्या. दोन-तीन महिने लागतील."

"येवढंच? किती येळ बोलत व्हतं की."

"इंग्रजीत लांबण फार असतं."

तात्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. डॉक्टरांनी पुढे वाकून त्यांचा हात हातात घेतला तेव्हा तात्या म्हणाले, "थँक्यू."

ही गोष्ट २००३ सालची, मे महिना संपतानाची. मी अ‍ॅरिझोनात टेंपीला राहत होतो. संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रक्रिया सुधारणं हे माझं काम होतं. प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसवायची, कुठे काय चुकेल ते आधी ओळखायचं, दोन पर्याय तयार ठेवायचे. माझी बायको कुंदा म्हणायची, हा माणूस शिंकण्याआधीसुद्धा तक्ता करील. तात्या मार्चमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, गावात ते एकटेच होते.

घरी परतताना आम्ही सॉल्ट नदीवरच्या पुलावरून आलो. खाली नुसती वाळू आणि गोटे. आल्यापासून हा पूल लागला की तात्या जे म्हणायचे तेच त्या दिवशीही म्हणाले.

"हितं पूल हाय तर पानी न्हाई. आमच्याकडं पानी व्हतं तवा पूल न्हवता."

दर वेळी मी हसायचो. त्या दिवशीही हसलो. हसणं नीट जमलं नसावं.

तात्या नावाडी होते. आम्ही जातीने आंबी, कृष्णेकाठचे. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अलीकडच्या गावातली माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे नेली. वर्षाला खळ्यावर धान्य मिळायचं, तीच मजुरी. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. तात्यांनी ते नावेवर आणलं होतं. नाव सोडायच्या आधी ते माणसं मोजायचे, आणि पहिली थाप स्वतःच्या छातीवर पडायची. लाभ. मग बोट फिरायचं, दोन, तीन, चार. मी लहानपणी विचारलं होतं, स्वतःला आधी का मोजता? तर म्हणाले, "नावाडी हाय म्हनून नाव हाय. त्येचा आकडा आधी." तीस वर्षांत त्यांची मोजणी एकदाही चुकली नाही. पुराच्या वर्षी गुळाच्या काहिलीत बसवून माणसं काढली, तेव्हाही नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. रडणारं माणूस नावेत घ्यायचं नाही. नवी नवरी सासरी निघाली की काठावर रडारड व्हायचीच. तात्या नाव दोराने बांधायचे आणि काठावर उकिडवे बसायचे. "रडून घे पोरी. सगळं रडून घे. मग सोडतो." वऱ्हाडी खोळंबायचे, वरबाप चिडायचा. तात्या हलायचे नाहीत. हुंदका देणारं माणूस मधेच उठतं, वळतं, आणि नाव कलते, असं ते म्हणायचे. रडायचं ते काठावर.

पुढे पूल झाला. नाव दोन पावसाळे काठावर पालथी पडून होती, मग तिचं सरपण झालं. त्यानंतर तात्या पाण्यावर गेले नाहीत. पुलावरून चालत जायलाही ते नाखूष असायचे.

एप्रिलमध्ये नेन्यांकडे जेवायला गेलो होतो. श्रीकांत नेने म्हणजे आमच्याकडच्या मराठी मंडळातले सर्वज्ञ. तंबू, बोटी, डोंगर, सगळं केलेला माणूस. त्यांनी मोहावे नावाच्या तळ्याचे फोटो दाखवले. वाळवंटातलं धरणाचं तळं, आमच्यापासून चार तासांवर. लाल उघडे डोंगर आणि मधे निळंशार पाणी. बोट भाड्याने घ्यायची, पाण्यावरून एखाद्या ओसाड किनाऱ्याला जायचं, तिथेच वाळूत तंबू ठोकायचा. तात्यांनी एक फोटो हातात घेतला तो पुढे दिलाच नाही. मग घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून म्हणाले, "संपत, मरायच्या आधी येकदा वल्हं हातात घ्यावं असं वाटतंय बग."

मी म्हणालो, "नेतो की तात्या. करू प्लॅन."

एप्रिल गेला, मे गेला. माझं ऑफिसातलं एक काम अडलं होतं, मग तात्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले.

तर दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी मी कुंदाला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, तिने गॅस बंद केला.

"मामांना काय सांगितलंत?"

"कावीळ."

"अहो, त्यांचं आहे ना ते मरण? आपण कोण लपवणारे?"

"आईच्या वेळी काय केलं होतं आपण?"

यावर तिने लाटणं पुन्हा हातात घेतलं. आईच्या वेळी तात्यांनीच आम्हा सगळ्यांना अंगणात गोळा करून बजावलं होतं. तिच्या म्होरं कुनी तोंड पाडायचं न्हाई. मानसाला सांगायचं नसतं. सांगितलं की मानूस काठ सोडतं. माझ्या चुलत्यांना मिरजेच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून झोपले ते आठव्या दिवशी गेलेच, ही गोष्ट आमच्या घरात दर वर्षी कुणीतरी सांगायचंच. म्हणून आईसमोर आम्ही चार महिने हसलो. तात्या सगळ्यात जास्त. पुढच्या दिवाळीला तुला गिरनारला नेतो म्हणायचे.

"ते वेगळं होतं," कुंदा म्हणाली.

"काही वेगळं नव्हतं. मी त्यांना या महिन्यात तळ्यावर नेणार. पण सांगणार नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. तुला सानूची शपथ आहे."

पोरीची शपथ घालायला नको होती. कुंदा माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच नजर वळवली. पण तिने शपथ पाळली. सानू आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिला आम्ही तेच सांगितलं, आज्जाला कावीळ झालीय, तिखट द्यायचं नाही.

चौदा जूनला, शनिवारी सकाळी, नेने आमच्याकडे आले. बोलावलं मीच होतं, कारण मला बोटीतलं ओ का ठो कळत नव्हतं. तात्यांची कावीळ उतरली होती, डोळे पांढरे दिसत होते. ते धुतलेला पायजमा आणि डोक्यावर टोपी घालून टेबलाशी येऊन बसले होते, जणू गावची पंचायत भरली आहे. मी आदल्या दिवशी बसून तक्ता केला होता. कोण काय आणणार, किती वाजता निघायचं, कुठे पेट्रोल भरायचं. नेन्यांनी नकाशा पसरला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"कधी जाताय?"

"पुढच्या शनिवारी."

"पुढच्या? जूनमध्ये?" नेने हसायला लागले. "संपत, डोकं ठिकाणावर आहे ना? तिथे सत्तेचाळीस डिग्री असेल. सावली म्हणशील तर बाभळीएवढंसुद्धा झाड नाही. वाळूत अनवाणी पाय ठेवलास तर फोड येतील. आणि तंबूत रात्री भट्टी."

"लवकर पोचू. पाण्यातच राहू."

"आणि तात्या? आत्ता आजारातून उठलेला माणूस. मारतोस काय त्यांना?"

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि ठेवला. कुंदा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिची पाठ मला सगळं सांगत होती.

"ऑक्टोबर," नेने म्हणाले. "ऑक्टोबरसारखं सुख नाही. पाणी कोमट, हवा गार. मी पण येतो. दुसरा शनिवार-रविवार घ्या."

"सानूची शाळा असते."

"सोमवारी सुट्टी आहे त्या आठवड्यात."

"तात्यांचा व्हिसा सप्टेंबरला संपतो."

हे माझं हुकमाचं पान होतं. रात्रभर विचार करून मी ते राखून ठेवलं होतं. नेन्यांनी हात झटकला. "अरे, फॉर्म भर. सहा महिने वाढवून मिळतात. माझ्या सासूबाईंचे दोनदा मिळाले."

मग सगळे तात्यांकडे बघायला लागले. आज इतक्या वर्षांनी मला तो क्षण जसाच्या तसा दिसतो. नकाशावर तात्यांचा हात होता. त्यांची बोटं त्या निळ्या पट्ट्यावर, तळ्याच्या बरोबर मधोमध, टेकलेली होती. एका शब्दाचं काम होतं. नेन्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः गाडी काढली असती. पण नेन्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. ते तात्यांच्या गळ्यात पडले असते. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

"नेनेसायेब म्हनत्यात ते खरं हाय," तात्या म्हणाले. "घाई कशाला? ऊन बादतंय पोरीला. दसरा झाला की जाऊ."

"तात्या, तुम्हाला कधी जावंसं वाटतंय ते सांगा," मी म्हणालो. "तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ. उद्या म्हणालात तर उद्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दसरा झाला की," ते म्हणाले. "व्हिसा घे वाढवून."

कुंदाच्या हातातून वाटी सिंकमध्ये पडली.

ठरलं. नेन्यांनी तिथूनच फोन करून ऑक्टोबरची बोट सांगून ठेवली. मग यादी सुरू झाली, आणि यादीत तात्यांनी जे लक्ष घातलं ते बघून मला वाटलं, असू दे, निदान यातलं तरी सुख त्यांना मिळतंय. बोट केवढी, लाकडाची का पत्र्याची, तळ सपाट का निमुळता, वारा कुठून येतो, सगळं विचारून घेतलं.

"वल्ही किती?" त्यांनी विचारलं.

"वल्ही नाहीत तात्या, मोटर आहे," नेने म्हणाले. "एक असतं प्लास्टिकचं, अडीअडचणीला. तुम्ही राजासारखं बसायचं."

"मग नावाड्याचं काम काय?"

"काही नाही. मोटर करते सगळं."

"आसं व्हय," तात्या म्हणाले.

सानू यादी लिहीत होती. मराठी अक्षर तिला तात्यांनीच त्या तीन महिन्यांत गिरवून शिकवलं होतं. पाण्यात घालायच्या जॅकेटांचं आलं तेव्हा नेने म्हणाले, तात्या, तुम्हीच मोजा, तुमच्या घरातली माणसं किती? माझं मी आणतो. तात्या ताठ बसले. बोट माझ्याकडे केलं. "लाभ." कुंदाकडे केलं. "दोन." सानूकडे. "तीन. तीन लिव्ह."

नेने टेबलावर थाप मारून हसले. "तात्या, नदी ओलांडलेल्या दहा जणांसारखं झालं हे! स्वतःलाच मोजायचं राहिलं!" ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दहा जण नदी उतरतात, प्रत्येक जण मोजतो आणि नऊच भरतात, आणि बुडालेल्या दहाव्यासाठी सगळे मिळून रडतात. तात्याही हसले, कपाळावर हात मारून. "म्हातारपण, दुसरं काय!" मीही हसलो. खरंच हसलो, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. नेन्यांनी सानूच्या हातातली पेन्सिल घेऊन तिनाचे चार केले.

सानू तेवढी हसली नाही. तिला गोष्ट माहीत नसेल, असं मला वाटलं.

नेन्यांना सोडायला मी खाली गेलो. ते गाडीशी पाऊण तास बोलत उभे राहिले, तंबूच्या खुंट्या वाळूत कशा पुरायच्या ते. वर आलो तेव्हा तात्या आणि सानू खिडकीशी बसले होते.

पुढच्या आठवड्यात मी दुकानातून लाकडाचं एक वल्हं विकत आणलं. तात्यांनी ते उभं धरून उंची बघितली, बोटावर तोलून बघितलं, आणि म्हणाले, "ह्ये खेळन्यातलं हाय." पण मग चार दिवस बसून त्यांनी काचकागदाने त्याची मूठ घासली आणि त्याला गोडेतेल पाजलं. ते त्यांच्या पलंगाशी उभं असायचं. संध्याकाळी ऊन उतरलं की ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, वल्हं मांडीवर आडवं घेऊन. खाली मोटारींचा तळ होता. सानू त्यांच्या पायाशी बसायची आणि दोघं काय बोलत असायचे देव जाणे.

जून संपेपर्यंत ते रोज सकाळी मैलभर चालत होते. मी रोज रात्री झोपताना ठरवायचो, उद्या सांगू. सकाळी ते चहाच्या बशीवर फुंकर घालत म्हणायचे, "आज बरं वाटतंय गड्या. गोळ्या चांगल्या हायत," आणि मी गाडीच्या किल्ल्या उचलायचो. आईला चार महिने हसवलेला माणूस होता तो. त्याच्यासमोर मी हसण्याचं सोंग करत होतो आणि मला वाटत होतं, ते वठतंय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं जेवण सुटलं. एका दुपारी ऑफिसातून मी तसाच घरी आलो आणि म्हणालो, "चला तात्या. उद्या पहाटे निघू. ऊन असलं तर असलं. नुसतं पाण्यावर जाऊन येऊ."

ते पडून होते. "ऑक्टोबरचं ठरलंय न्हवं?"

"ठरलं होतं. मला आत्ता जावंसं वाटतंय."

"ठरल्यालं मोडू ने," ते म्हणाले. मग माझा हात धरून म्हणाले, "आनि आता जिना उतरवंल का मला, तूच सांग."

आमचा जिना अठरा पायऱ्यांचा होता. मी म्हणालो, कावीळ उतरली की उतरवेल. ते म्हणाले, व्हय.

नऊ ऑगस्टला सकाळी ते गेले. घरीच, झोपेत. कुंदा देवापुढे दिवा लावत होती, सानू शेजारच्या खोलीत झोपली होती. मी त्यांच्या उशाशी होतो. शेवटपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही आणि शेवटपर्यंत त्यांनी विचारलं नाही. मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं समाधानच वाटलं. तात्या काठ न सोडता गेले, असं मी नेन्यांना फोनवर म्हणालोसुद्धा. ते ऐकून नेने रडले. मी रडलो नाही. अस्थी घेऊन गावी गेलो, कृष्णेत सोडल्या, पुलाखाली. भाऊबंद म्हणाले, पोराने शेवटपर्यंत कळू दिलं नाही, लेक असावा तर असा. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

परत आलो तोवर सप्टेंबरचा मध्य आला होता. आणि एका संध्याकाळी फोन वाजला. बोटीच्या दुकानातली बाई होती. आवाज हसरा. ऑक्टोबरच्या अकरा तारखेची बोट तुमच्या नावावर आहे, नक्की करायला फोन केला. मी विसरूनच गेलो होतो. तिने नाव, पत्ता, वेळ वाचून दाखवली.

"आणि नेने म्हणून एक जण, शिवाय तुमच्या घरचे चार. बरोबर ना?"

"नाही," मी म्हणालो. "तीन."

सानू टेबलाशी गृहपाठ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आज्जाने तीनच सांगितले होते."

मी फोनवर हात ठेवला. "तो विसरला होता, बेटा. स्वतःला मोजायला."

"नाही, विसरला नव्हता. मी विचारलं त्याला."

"काय विचारलंस?"

"लाभ कुठे गेला म्हणून. मला त्याने शिकवलं होतं ना, लाभ म्हणजे आपण स्वतः. मग तुला का लाभ म्हणाला? मला वाटलं तो चुकला. तर तो बोलला की नाही चुकला." तिने पेन्सिल खाली ठेवली. तिचं मराठी आमच्यासारखं नव्हतं, थोडं शाळेतलं, थोडं तात्यांचं. पुढचं सगळं ती तात्यांच्याच आवाजात बोलली, एकेक शब्द आठवून. "'ह्या नावंत मी न्हाई. आता लाभ तुजा बाप. मला मोठं दुकनं हाय, डाक्टरनं सांगितलंय. बापाला सांगू नगंस. त्येला वाटतंय मला ठावं न्हाई. वाटू दे.'"

कुंदा दारात येऊन उभी राहिली होती.

"डॉक्टरने इंग्रजीत सांगितलं होतं," मी म्हणालो. "त्याला कसं कळलं?"

"तोंड बघून. तो म्हणाला की आजीच्या वेळी तो पण असंच तोंड करायचा, तू करतोस तसं."

"मग जाऊया असं का नाही म्हणाला?"

"मी बोलले ना त्याला. मी बोलले, मग नेक्स्ट सॅटर्डेलाच जाऊ, ऊन तर ऊन. तो म्हणाला, 'घाई केली तर तुज्या बापाला कळंल मला ठावं हाय म्हनून. मग त्यो नावंत रडंल. रडनारं मानूस नावंत घ्यायचं नसतंय.'"

"हे कधी म्हणाला?"

"लिस्ट केली त्या दिवशी. तू नेने अंकलना सोडायला खाली गेला होतास."

चौदा जून. त्यानंतर तात्या आठ आठवडे जगले. त्यातले दोन आठवडे ते रोज सकाळी मैलभर चालत होते. अठरा पायऱ्या उतरून जात होते आणि चढून येत होते. वल्ह्याला तेल पाजत होते. चार तासांवर पाणी होतं. त्या दिवशी गाडीशी मी पाऊण तास खुंट्यांचं ऐकत बसलो नसतो, वर येऊन त्यांच्या गळ्यात पडलो असतो, स्वयंपाकघरातच सगळं रडून घेतलं असतं, तर त्यांनी टोपी घातली असती आणि म्हणाले असते, झालं? चल आता. काठावर रडणाऱ्यांची वाट बघायची त्यांना सवय होती. आणि मी तोंड हसरं ठेवून त्यांना खोळंबून ठेवलं.

फोनमधून बाईचा आवाज येत होता. हॅलो, सर, तीन ना? कुंदाने माझ्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, आम्ही येणार नाही. ते तळं मी आजवर बघितलेलं नाही. वल्हं गराजमध्ये आहे.

मी खुर्चीवर बसलो होतो. सानू उठून माझ्याजवळ आली. तिने तीन महिने याबद्दल तोंडातून शब्द काढला नव्हता.

"बाबा, मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "तू बरोबर केलंस."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग जाऊन पुन्हा गृहपाठाला बसली.